तान्ह्या बाळासह रेल्वेप्रवास : तिकीट नसले तरी तयारी हवीच

पुणे - पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत महाराष्ट्रात आजही टिकून आहे. बारसे होते, सव्वा महिना सरतो, बाळ बाळसे धरू लागते आणि तीन-चार महिन्यांनी बाळंतीण सासरी परतते. त्यामुळे पुण्याच्या शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील कितीतरी मुलांचा आयुष्यातील पहिला मोठा प्रवास हा नागपूर, अकोला, सोलापूर किंवा कोल्हापूरहून पुण्याकडे येणाऱ्या रेल्वेगाडीतच घडतो. पुढे उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, लग्नकार्ये आणि कुलदैवताचे दर्शन या निमित्तांनी तोच मार्ग पुनःपुन्हा पायाखालचा होतो.

मोटारीपेक्षा रेल्वे लहान मुलाला सोयीची, असा घरातील वडीलधाऱ्यांचा अनुभव असतो आणि त्यात तथ्य आहे. धावत्या गाडीत आईला बाळाला पाजता येते, मांडीवर निजवता येते, रांगणाऱ्या मुलाला थोडे हातपाय हलवता येतात. परंतु पाच वर्षांखालील मूल हे रेल्वेच्या आरक्षणव्यवस्थेत जवळजवळ अदृश्य असते. त्याला तिकीट नसते, म्हणून जागा नसते. जागा नसते, म्हणून त्याची झोप, त्याचे दूध आणि त्याची सुरक्षितता ही सर्वस्वी पालकांची जबाबदारी होऊन बसते. ही जबाबदारी कशी पेलावी, नियम काय सांगतात आणि कोणत्या चुका महागात पडतात, याचा हा आढावा.

तिकिटाचा नियम नेमका काय?

पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेचे भाडे पडत नाही. मात्र त्याला स्वतंत्र आसन किंवा शायिकाही मिळत नाही. मुलासाठी वेगळी जागा हवी असल्यास प्रौढांचे पूर्ण भाडे भरून ती घेता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांनाही तिकीट सक्तीचे झाल्याच्या बातम्या पसरल्या होत्या. तेव्हा असा कोणताही बदल झालेला नसून वेगळी जागा घेणे हे पूर्णतः ऐच्छिक आहे, असा खुलासा रेल्वे मंत्रालयाने केला होता.

पाच ते बारा वर्षांच्या मुलांबाबत २१ एप्रिल २०१६ पासून वेगळी पद्धत आहे. स्वतंत्र शायिका हवी असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते आणि पालकांच्याच जागेत सामावून घ्यायचे असल्यास निम्मे. अर्ध्या भाड्यात पूर्ण शायिका मिळण्याचा जुना काळ त्या दिवशी संपला. बसून प्रवास करण्याच्या आरक्षित वर्गांत, म्हणजे खुर्चीयान किंवा द्वितीय श्रेणी आसनव्यवस्थेत, "जागेविना निम्मे भाडे" हा पर्याय नाही. त्यामुळे मुंबईला जाताना सहा वर्षांच्या मुलाचेही पूर्ण भाडे धरूनच हिशेब करावा. मूल पाच किंवा बारा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल, तर वयाचा दाखला जवळ ठेवलेला बरा.

मग लहानग्यासाठी पूर्ण भाडे भरावे का? वर्षाच्या आतील बाळ शायिकेवर एकटे निजू शकत नाही, त्यामुळे त्याच्या नावाची जागा घेऊन फारसा लाभ होत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गणित निराळे आहे. आईबरोबर एकाच शायिकेवर असे मूल निजले, तर दोघांपैकी कुणाचीच धड झोप होत नाही आणि कडेला असलेले मूल खाली पडण्याचा धोका राहतो. रात्रभराच्या प्रवासात, विशेषतः आई एकटीच असेल तेव्हा, हा खर्च परवडत असेल तर तो वाया जात नाही.

खालची शायिका कशी मिळवावी?

शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या बहुतेक डब्यांत शायिकांची रचना आठ-आठच्या गटांत असते. शायिकेच्या क्रमांकाला आठने भागावे. बाकी एक किंवा चार उरल्यास ती खालची, दोन किंवा पाच उरल्यास मधली, तीन किंवा सहा उरल्यास वरची समजावी. बाकी सात उरल्यास ती बाजूची खालची आणि पूर्ण भाग गेल्यास बाजूची वरची असते. बाळासह प्रवासात बाजूची खालची शायिका शक्यतो टाळावी. ती मार्गिकेला लागून असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, सामानाचा आणि फेरीवाल्यांचा धक्का लागतो. डब्याच्या दोन्ही टोकांच्या जागाही स्वच्छतागृहाजवळ असल्याने, दारांच्या आवाजामुळे आणि दिव्यांमुळे बाळाला मानवत नाहीत. डब्याच्या मध्यभागातील जागा सर्वांत शांत असते.

ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरील महिला आणि गर्भवती यांच्यासाठी प्रत्येक डब्यात खालच्या काही शायिका राखून ठेवलेल्या असतात. कडेवर मूल असलेल्या तरुण आईचा या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही, ही गोष्ट अनेकांना तिकीट हाती पडल्यावरच कळते. संकेतस्थळावरून आरक्षण करताना "किमान एक खालची शायिका मिळाली तरच तिकीट काढावे" असा पर्याय निवडता येतो. तो आवर्जून निवडावा. लांब पल्ल्याच्या मेल व एक्स्प्रेस गाड्यांच्या शयनयान वर्गात महिलांसाठी सहा शायिकांचा वेगळा कोटा असतो, त्याचाही विचार करावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. मे महिन्यात गावी जायचे असेल तर मार्च उजाडताच तारखा ठरवाव्या लागतात. आरएसीच्या तिकिटावर, म्हणजे एका बाजूच्या शायिकेवर दोघांनी बसून, बाळासह रात्र काढण्याचा विचार मात्र करू नये.

मधली शायिका रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच उघडता येते, असा नियम आहे. बाळाला संध्याकाळी आठलाच निजवायचे असेल, तर सहप्रवाशांशी गाडी सुटतानाच सौजन्याने बोलून घ्यावे. सहप्रवाशांनीही बाळाच्या आईला खालची जागा देण्यात कुचराई करू नये.

झोळी नको

शयनयानाच्या डब्यात वरच्या शायिकांच्या साखळ्यांना साडी बांधून बाळासाठी झोळी करण्याची पद्धत अनेक वर्षांची आहे. बाळ तिच्यात निवांत झोपते, हे खरे. परंतु गाडीला अचानक ब्रेक लागला किंवा गाठ सैल झाली, तर बाळ थेट खाली आपटते. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात, कारण भोर घाटातील चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. इंजिने जोडताना गाडीला हिसका बसतो. त्या वेळी मूल उभे असेल, तर त्याला हाताशी धरावे आणि हातातील गरम चहाचा पेला दूर ठेवावा.

बाळाला खालच्या शायिकेवर भिंतीच्या बाजूला, पाठीवर निजवावे आणि आईने कडेला झोपावे. तोंडावर जाड पांघरूण येणार नाही, अंगाखाली मऊ उशी दबणार नाही, हे पाहावे. वातानुकूलित डब्यात एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे. गरजेप्रमाणे ते कमी-अधिक करता येतात. रेल्वेची घोंगडी महिन्यातून किमान एकदा धुतली जातात, असे रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले होते. हे लक्षात घेता बाळासाठी घरची दुपटी नेणेच श्रेयस्कर. जुन्या डब्यांतील खिडकीचे झडप वर अडकवल्यावर ते नीट बसले आहे का, हे एकदा ओढून पाहावे. निसटलेल्या झडपाखाली चिमुकली बोटे सापडू शकतात.

दूध, पाणी आणि खाऊ

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. भर उन्हाळ्यात भुसावळ-अकोल्याच्या टापूतून जातानाही हा नियम बदलत नाही. अशा वेळी बाळाला अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. पाजण्यासाठी आडोसा म्हणून मोठी ओढणी किंवा सुती शाल पुरते. बाळाला मध चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. परंतु एक वर्षाखालील बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून घरी किंवा प्रवासातही मध देऊ नये.

वरचे दूध घेणाऱ्या बाळाबाबत सर्वाधिक चूक होते ती थर्मासची. घरी उकळलेले दूध थर्मासमध्ये भरून नेले की ते तासन्‌तास कोमट राहते आणि कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. दूध वरून चांगले दिसते, वासही येत नाही. त्रास सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी. थर्मासमध्ये नुकतेच उकळलेले पाणी न्यावे, दुधाची भुकटी कोरड्या डब्यांत एकेका वेळेपुरती मोजून ठेवावी आणि प्रत्येक वेळी ताजे दूध तयार करावे. दूध बाळाला पाजता येईल इतके निवले आहे ना, हे मनगटावर थेंब टाकून पाहावे. तयार केलेले दूध दोन तासांत संपले नाही तर टाकून द्यावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले धुण्यास सोपे असते.

डब्यातील मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटवर विजेची किटली लावून पाणी तापवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला रेल्वेत मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा एका प्रसंगाची चित्रफीत सर्वत्र फिरल्यानंतर मध्य रेल्वेने कारवाईचा इशारा दिला होता. किटलीमुळे वीजपुरवठ्यावर ताण येऊन आग लागू शकते. स्टोव्ह किंवा अन्य ज्वालाग्राही वस्तू नेणे तर रेल्वे कायद्यानुसार गुन्हाच आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मोठ्या मुलांसाठी आपल्याकडील जुना प्रवासी फराळ आजही उपयोगी आहे. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तूप लावलेली पोळी, राजगिऱ्याचा लाडू, केळी आणि गरम पाण्यात कालवता येणारे नाचणीचे सत्त्व हे पदार्थ सहज टिकतात. भात, दही आणि ओल्या नारळाचे पदार्थ उन्हाळ्यात लवकर आंबतात, ते टाळावेत. गाडीत हमखास मिळणारे खारे शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. हलत्या डब्यात, हसता-खेळता असा दाणा श्वासनलिकेत अडकला, तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकते.

लस आणि प्रवास

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी आणि माहेराहून परतण्याचा मुहूर्त पुष्कळदा एकाच आठवड्यात येतात. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणे हे सामान्य आहे, परंतु तो धावत्या गाडीत आला तर घरच्यांची तारांबळ उडते. शक्य असल्यास लस आणि प्रवास यांत तीन-चार दिवसांचे अंतर ठेवावे. तापाच्या औषधाची मात्रा वजनानुसार ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला नेण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यकच आहे.

जुलाब झाल्यास क्षारसंजीवनीचे पाकीट, म्हणजेच ओआरएस, कामी येते. मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. "थोडे पाणी, थोडी पावडर" असा अंदाज करू नये; द्रावण दाट झाले तर अपाय होतो. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने सावकाश द्यावे. बाळ सुस्त पडले, लघवी थांबली, टाळू खोल गेली किंवा पिणेच बंद झाले, तर मुक्कामाचे गाव येण्याची वाट पाहू नये. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवल्यास पुढच्या स्थानकावर वैद्यकीय मदत मागवता येते. तिकीट तपासनीसालाही लगेच सांगावे. नागपूर ते पुणे हे अंतर सुमारे नऊशे किलोमीटर आहे. वाटेत मनमाड, भुसावळ, अकोला अशी मोठी स्थानके आहेत, हे आधीच नकाशात पाहून ठेवले की घाबरगुंडी उडत नाही.

फलाटावरची घाई

मुलांबाबतचे प्रसंग धावत्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाडीतच अधिक ओढवतात. पाणी आणण्यासाठी वडील उतरतात, मागोमाग मूल दाराशी येते आणि गाडी हलते. म्हणून नियम एकच ठेवावा : मुलासह एक प्रौढ कायम जागेवर. एकटी आई असेल, तर तिने मधल्या स्थानकावर उतरूच नये. पाणी आणि खाऊ घरूनच घ्यावा. मूल फलाटावर राहून गाडी सुटली, तर साखळी ओढण्यास कचरू नये. विनाकारण साखळी ओढल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु मूल मागे राहणे हे पुरेसे आणि योग्य कारण आहे.

चालत्या मुलाच्या खिशात पालकांचे नाव आणि मोबाईल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. निघण्यापूर्वी त्याच दिवशीच्या कपड्यांत त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. शोध घेताना "निळा सदरा" असे सांगण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. मूल हरवल्यास रेल्वे सुरक्षा दल, १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ हे तीन आधार आहेत.

शनिवार पेठेतून निघताना शिवाजीनगर स्थानक जवळ पडते आणि मुंबईच्या काही गाड्या तेथे थांबतात. परंतु हा थांबा अल्प असतो. बाळ, पिशव्या आणि आजी-आजोबा असा लवाजमा असेल, तर गाडी जेथून सुटते त्या स्थानकावर जाऊन निवांत चढणेच बरे. नव्या पुलापलीकडील महापालिका मेट्रो स्थानकावरून पुणे रेल्वे स्थानकापर्यंत १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो सुरू आहे. लक्ष्मी रस्त्यावरील सायंकाळच्या कोंडीत रिक्षा अडकण्यापेक्षा हा पर्याय वेळेची खात्री देतो. काही गाड्या हडपसरहून सुटतात, म्हणून तिकिटावरील स्थानकाचे नाव नीट वाचावे.

एक सूचना स्वच्छतेची. डब्यांत आता जैवशौचालये आहेत. त्यांत डायपर टाकल्यास नळी तुंबते आणि उरलेल्या प्रवासात सर्वांचीच गैरसोय होते, बाळाचीही. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचरापेटीतच टाकावा.

रेल्वेने काय केले?

तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कारकिर्दीत, जून २०१६ मध्ये, २५ स्थानकांवर बाळांसाठी गरम दूध, गरम पाणी आणि शिशुआहार देणारी "जननी सेवा" सुरू करण्यात आली. मे २०२२ मध्ये मातृदिनाच्या निमित्ताने उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागाने लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या दोन शायिकांना जोडून घडी घालता येणारी छोटी "बाळशायिका" प्रायोगिक तत्त्वावर बसवली. आईच्या शेजारी, पण स्वतंत्र कठड्यामागे बाळ निजू शकेल, अशी ती रचना होती. या प्रयोगाचे देशभर स्वागत झाले. मध्य रेल्वेने मुंबई विभागातील काही स्थानकांवर स्तनपानासाठी छोटे कक्ष उभारले.

ही पावले स्वागतार्ह आहेत, परंतु प्रवासाची आखणी त्यांच्या भरवशावर करता येत नाही. स्थानकावर गरम पाणी मिळेलच, असे गृहीत धरून रिकामा थर्मास नेणे हे धाडसच ठरेल. खालच्या शायिकेच्या यादीत कडेवर मूल असलेल्या आईचा समावेश करणे, ही फारसा खर्च नसलेली सुधारणा आहे आणि तिची मागणी प्रवाशांनी लावून धरायला हवी. तोपर्यंत घरची तयारी हीच बाळाची खरी आरक्षित जागा आहे.

प्रवासाच्या पिशवीत हे हवेच

- बाळाची सुती दुपटी, कपड्यांचे तीन-चार जोड आणि एक कानटोपी
- उकळलेल्या पाण्याचा थर्मास, मोजून ठेवलेली दुधाची भुकटी, वाटी-चमचा
- ओआरएसची दोन पाकिटे आणि एक लिटरची स्वच्छ बाटली
- मात्रेसह लिहून घेतलेले तापाचे औषध, तापमापक आणि लसीकरणाचे कार्ड
- डायपर, जुनी वर्तमानपत्रे, कचऱ्याच्या पिशव्या आणि साबण
- आवडते खेळणे किंवा चित्रांचे पुस्तक. नवे नको, ओळखीचेच
- वयाचा दाखला आणि मुलाचे त्याच दिवशीचे छायाचित्र